बुटांवर फोडलेलं खापर

गेल्या महिन्यात आमच्या पळणाऱ्यांच्या ग्रुपमधली एक मुलगी कुबड्यांवर आली. खुब्यापाशी मांडीच्या हाडाला स्ट्रेस फ्रॅक्चर, वय तिशीच्या आत. ग्रुपवर सल्ल्यांचा पाऊस: बूट बदल, कॅल्शियम घे, काँक्रीटवर पळू नकोस. पोटभर जेवतेस का, हे कुणीच विचारलं नाही. मागच्या दशकातही हेच चाललं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

2004 साली मुंबई मॅरेथॉन सुरू झाली. पहिली काही वर्षं सोडून देऊ. हौशे-नवशे पळायचे, मग सगळे मिळून मिसळ हाणायचे. ती मिसळ पुढे गेलीच. मनगटावर जीपीएसची घड्याळं आली, सेकंदांचा हिशोब सुरू झाला आणि ‘एक किलो उतरव, टायमिंग आपोआप सुधारेल’ हे जो तो सांगू लागला. पहाटे नुसत्या काळ्या कॉफीवर शिवाजी पार्कहून लाँग रनला निघायचं आणि परत आल्यावर ताक नि काकडी. कुणी भात वाढून घेतला की ‘आज चीट डे वाटतं?’ मुलींची पाळी थांबली की एक कोच चक्क खूश व्हायचे. सराव अंगी लागला म्हणे! त्या गृहस्थांना मी अजून माफ केलेलं नाही.

कारण तेव्हा कुणाला माहीत नव्हतं, ही सबब चालणार नाही. पाळी थांबलेल्या धावपटूंच्या मणक्यांची घनता कमी असते, हे बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी 1984 मध्येच दाखवलं होतं. व्यायामात खर्च झालेली ऊर्जा वजा जाता पुरेसं उरलं नाही की शरीर हात आखडतं. बायकांचं इस्ट्रोजेन घटतं, पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन. हाडाची झीज चालूच राहते, भरणं मंदावतं. 2004 मधल्या एका प्रयोगात तरुणींना चरबी वगळता उरणाऱ्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 30 कॅलरींवर आणलं, तर पाचच दिवसांत हाडाच्या बांधणीच्या रक्तातल्या खुणा खाली आल्या. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने या दुखण्याला ‘रेड-एस’ नाव दिलं आणि पुरुषांनाही त्यात धरलं. सतराव्या वर्षी जागतिक स्पर्धेत धावलेल्या अमेरिकेच्या मेरी केनने 2019 मध्ये एका व्हिडिओत जाहीर सांगितलं: वजन उतरवण्याच्या दबावापायी तीन वर्षं पाळी नव्हती, पाच हाडं मोडली. आमच्याकडे तो व्हिडिओ फॉरवर्ड झाला, खाली हात जोडल्याचे इमोजी पडले आणि पुन्हा बुटांची चर्चा सुरू झाली.

त्या काळी पदकं मिरवणाऱ्या मैत्रिणी आता डेक्साचे, म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीचे रिपोर्ट घेऊन फिरतात. नीट खाल्लं तर पाळी परत येते. गेलेली घनता पूर्ण भरून येईलच असं नाही. आणि यंदाची टूम काय, तर सोळा तासांच्या उपासानंतर इंटरव्हल्स! याला म्हणे ‘फॅट अ‍ॅडॅप्टेशन’ म्हणायचं. फी मात्र जुन्या कोचच्या दुप्पट.