पखवाजाचा मुरलेला आवाज

सिंधुदुर्गात पखवाज दोन अगदी वेगळ्या हवांमध्ये वाजतो. भाद्रपदात गणपतीपुढच्या आरत्या आणि डबलबारीची, म्हणजे दोन बुवांच्या सामन्याची, भजने भर पावसाच्या ओलीत होतात. कार्तिकापासून वैशाखापर्यंत जत्रांमधले दशावतारी नाटक पायपेटी, पखवाज आणि झांज यांच्या साथीने रात्रभर चालते. तेव्हा संध्याकाळी कोरडी असलेली हवा पहाटेच्या दवाने भिजते. एकाच पखवाजाचा आवाज हवेनुसार बदलतो, आणि वर्षानुवर्षांच्या वापरानेही बदलतो. मात्र हा बदल लाकडात फार थोडा आणि कातड्यात व त्यावरच्या काळ्या शाईत पुष्कळ होतो.

पखवाजाचे खोड शिसव, खैर अशा जड लाकडाचे, आतून कोरलेले असते. त्याच्या जाड भिंती फारशा कंप पावत नाहीत. दोन्ही तोंडांवरच्या पुड्यांचा, म्हणजे कातडी पडद्यांचा, ताण पेलणे आणि आतली हवा कोंडून धरणे, हे त्यांचे काम. गिटारचे तसे नसते. तिची वरची पाटी जेमतेम तीन मिलिमीटर जाड असते आणि तीच आवाज देते. लाकूड जुने होताना त्यातला हेमिसेल्युलोज हळूहळू विघटित होतो, लाकूड ओल कमी शोषते आणि कंपन अधिक काळ टिकते. म्हणून जुन्या गिटारचा नाद वेगळा वाटण्याला भौतिक आधार आहे. केवळ वाजवल्याने लाकूड ‘उघडते’ ही समजूत मात्र तितकी पक्की नाही. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी एकाच कारागिराच्या दोन सारख्या व्हायोलिनांपैकी एक नियमित वाजवली आणि दुसरी संग्रहालयात ठेवली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, तीन वर्षांनंतरही वादकांना व श्रोत्यांना दोहोंत ठळक फरक आढळला नाही. पखवाजाच्या जुन्या खोडाला मोल आहे ते वेगळ्या कारणाने: त्याचे आकसणे होऊन गेलेले असते, त्यामुळे नव्याने चिरा जाण्याची भीती कमी.

वाजवण्याचा खरा परिणाम पुडीवर होतो. नव्या कातड्याचे तंतू ताणाखाली सैलावत राहतात, पुड्या आवळणाऱ्या चामडी वाद्याही थोड्या लांबतात, आणि लावलेला स्वर पुन्हा पुन्हा उतरतो. हातोडीने वाद्यांखालचे लाकडी गठ्ठे ठोकून मोठा फरक काढायचा आणि पुडीच्या कडेच्या गजऱ्यावर हलके ठोके देऊन बारीक, असे काही काळ सतत करावे लागते. मग पुडी बसते. बसलेली पुडी स्वर धरून ठेवते, आणि वादक तिला मुरलेली मानतात ते याच काळात.

उजव्या पुडीवरची शाई हे या वाद्याचे सर्वांत नाजूक अंग. लोहाची पूड आणि खळ यांचे पातळ थर एकावर एक देऊन प्रत्येक थर गुळगुळीत दगडाने घोटतात. घोटण्याने शाईत बारीक भेगांचे जाळे तयार होते. त्यामुळे ती जड असूनही कातड्याबरोबर लवते. साध्या ढोलाच्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटीत नसतात, म्हणून त्यातून निश्चित स्वर ऐकू येत नाही. मध्यभागी वजन देणारी शाई ते पटींत आणते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली ‘नेचर’मध्ये हे दाखवून दिले. पखवाज खूप वाजला की शाईचे कण सुटू लागतात आणि स्वरात खरखर येते. ताण वाढवून ती जात नाही. शाई नव्याने भरावी लागते किंवा पुडी बदलावी लागते.

डाव्या तोंडाला असे वय नसते. तिथे वाजवण्याआधी ओली कणीक थापतात आणि नंतर खरवडून काढतात. कणीक वाळून हलकी झाली की खर्ज चढतो, म्हणून बैठक लांबली तर पाण्याचे बोट फिरवावे लागते.

या सगळ्यावर समुद्राकाठची हवा परिणाम करते. कातडे ओल शोषून सैल पडते आणि स्वर उतरतो. कोरड्या हवेत तो चढतो. पेटीचे पितळी सूर जवळपास जागेवर राहत असल्याने प्रत्येक वेळी पखवाजालाच पेटीच्या पट्टीला जुळवून घ्यावे लागते. पावसाळ्यात उतरलेली पुडी ताणून वर आणली आणि हवा कोरडी झाल्यावर ताण सोडला नाही, तर ती किनारीपाशी फाटण्याचा धोका असतो. म्हणून कार्यक्रम संपल्यावर गठ्ठे उतरवणे आणि वाद्य कापडात गुंडाळून जमिनीच्या ओलीपासून वर ठेवणे, ही निगा पुडीचे आयुष्य लांबवते. पुडी बदलली की स्वर बसवण्याचे काम पहिल्यापासून करावे लागते, खोड कितीही जुने असले तरी.