नेमका धक्का देणारं यंत्र

सायन-पनवेल महामार्गालगत कामोठ्यात एमजीएम मेडिकल कॉलेज आहे. तिथं काय किंवा राज्यातल्या दुसऱ्या कुठल्या मेडिकल कॉलेजात काय, मज्जातंतूंचा अभ्यास म्हटला की स्टिम्युलेटर आलाच. ठरल्या वेळी, ठरल्या ताकदीचा विजेचा धक्का देणं एवढंच त्याचं काम. सगळी कसोटी त्या 'ठरल्या'ची आहे.

त्याचा पूर्वज म्हणजे इंडक्शन कॉइल. फॅरेडेनं 1831मध्ये विद्युत प्रवर्तन दाखवलं आणि त्याच तत्त्वावर जर्मन शास्त्रज्ञ द्युब्वा-रेमों यानं सरकती कॉइल केली. वैद्यकीच्या विद्यार्थ्यांच्या कित्येक पिढ्यांनी ती हाताळली. बेडकाचा पोटरीचा स्नायू नर्व्हसकट काढायचा, काजळी धरलेल्या फिरत्या ड्रमवर टोकदार लिव्हर टेकवायचा आणि दुसरी कॉइल हळूहळू जवळ सरकवायची. स्नायू आखडला की काजळीत पांढरी रेघ उमटे. पण धक्का किती दिला, याचं उत्तर पट्टीवरच्या सेंटीमीटरांत मिळे, करंटमध्ये नाही. शिवाय सर्किट जोडतानाचा धक्का सौम्य आणि तोडतानाचा जोरदार.

इलेक्ट्रॉनिक स्टिम्युलेटरनं ही अडचण सोडवली. पल्सची उंची, रुंदी, वारंवारता प्रत्येकीला वेगळं बटण मिळालं. त्वचेचा किंवा इलेक्ट्रोडचा रोध बदलला तरी करंट तोच राहावा म्हणून 'कॉन्स्टंट करंट' आउटपुट आलं. मला मात्र सगळ्यांत मोलाचा वाटतो तो आयसोलेशनचा भाग. धक्क्याच्या आउटपुटचा अर्थिंगशी संबंधच तोडलेला असतो, त्यामुळे करंट दोन इलेक्ट्रोडांमध्येच फिरतो. माणूस सुरक्षित राहतो आणि नोंदीत घुसणारा धक्क्याचा स्वतःचा ठसा, म्हणजे आर्टिफॅक्ट, लहान होतो. मायक्रोव्होल्टमधला सिग्नल शोधणाऱ्याला याचं मोल विचारा!

नर्व्ह कंडक्शनची तपासणी पाहा. मनगटावर मीडियन नर्व्हवर इलेक्ट्रोड धरायचे, ऋण टोक नोंद घेणाऱ्या इलेक्ट्रोडच्या बाजूला. पल्स 0.2 मिलिसेकंदांची. करंट वाढवत नेला की अंगठा उडतो, पडद्यावरची लाट मोठी होत जाते आणि एका टप्प्यावर वाढायची थांबते. त्याच्याही थोडं वर जाऊन नोंद घ्यायची, म्हणजे एकही तंतू सुटत नाही. मग तेच कोपरापाशी. दोन जागांमधलं अंतर 22 सेंटीमीटर आणि वेळेतला फरक 4 मिलिसेकंद निघाला, तर वेग सेकंदाला 55 मीटर. बेडकाच्या नर्व्हमधला वेग हेल्महोल्ट्झनं 1850मध्येच मोजला होता. वेग मोजण्याइतका कमी असेल, यावर तोवर फारसा कुणाचा विश्वास नव्हता.

संशोधनात हेच यंत्र आणखी खोलात जातं. ब्लिस आणि लोमो या संशोधकांनी 1973मध्ये सशाच्या मेंदूतल्या हिपोकॅम्पसमध्ये जलद पल्सच्या माळा सोडल्या, तेव्हा तिथले सिनॅप्स, म्हणजे मज्जापेशींमधले जोड, तासन्‌तास बळकट झालेले दिसले. स्मृतीच्या अभ्यासाला तिथून नवी दिशा मिळाली. इलेक्ट्रोड फार काळ ऊतीत ठेवायचा असेल तर एकतर्फी पल्स चालत नाही. आधी जेवढा चार्ज सोडला तेवढाच उलटा परत घ्यावा लागतो, नाहीतर रासायनिक क्रियेनं धातू झिजतो आणि पेशींनाही इजा होते.

2019च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात बेडकाचे हे प्रयोग संगणकावर दाखवायचे ठरले. बेडूक वाचला, हे योग्यच झालं. पण त्यामुळे स्टिम्युलेटरचं बटण विद्यार्थ्याच्या हातून सुटू नये. स्वतःच्या मनगटावर हलकी पल्स घेऊन, अंगठा उडेपर्यंत करंट वाढवत नेण्याची संधी प्रत्येकाला मिळायला हवी.