'पार्ट' : एका शब्दाचे मूळ आणि आपला वाटा

इतिहासाच्या तासाला आम्ही संविधानाची रचना शिकवीत होतो. मूलभूत हक्कांचा 'पार्ट थ्री' फळ्यावर लिहिला, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, गाडीचा पार्ट, नाटकातला पार्ट आणि हा पार्ट, तिन्ही एकच का?" वर्गात हशा पिकला, परंतु प्रश्न मोलाचा होता. त्या दिवशी अपुरे राहिलेले उत्तर या स्मरणिकेच्या निमित्ताने पूर्ण करीत आहोत.

'पार्ट' हा शब्द मूळ लॅटिन 'पार्स' या शब्दापासून निघाला आणि फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आला. आज आपण त्याचा अर्थ 'तुकडा' किंवा 'सुटा भाग' असा घेतो. लॅटिनमध्ये मात्र त्याला वाटा, हिस्सा, बाजू व पक्ष असेही अर्थ होते. नाटकातला पार्ट हाही एक वाटाच होय. जुन्या काळी इंग्लंडात प्रत्येक नटाला संपूर्ण नाटकाची प्रत न देता, त्याच्या वाट्याची भाषणे तेवढी उतरवून देत. पुढे त्या भूमिकेलाच पार्ट म्हणू लागले आणि आपल्या गॅदरिंगपर्यंत तो शब्द येऊन पोहोचला.

या शब्दाचे कूळ मोठे आहे. 'पार्टनर' म्हणजे वाटेकरी, 'पार्टी' म्हणजे पक्ष, 'पार्शल' म्हणजे एका बाजूला झुकलेला. 'पार्टिसिपेट' या शब्दात 'पार्स'ला 'घेणे' या अर्थाचा लॅटिन धातू जोडला आहे. म्हणून त्याचा अर्थ आपला वाटा उचलणे. याच कुळात 'बाजूला' या अर्थाचा फ्रेंच शब्दप्रयोग 'आ पार' जन्मला. तो डचमार्गे दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स भाषेत गेला आणि त्यापासून 'अपार्टहाइड' हा शब्द घडला. १९४८ पासून तेथील गोऱ्या राजवटीने याच नावाने वर्णभेदाचे धोरण राबविले. वाटा देणे आणि बाजूला ठेवणे, दोन्ही एकाच शब्दाच्या पोटी आले.

आपला 'भाग' हा शब्द 'भज्' म्हणजे वाटणे या धातूपासून आला. विभाग, भागीदार, सहभाग, भागाकार हे सारे त्याचेच गोत. 'भाग्य' हा शब्दही तेथलाच. वाट्याला आलेले ते भाग्य. परंतु वाटा आपोआप येत नाही, कोणीतरी तो वाटलेला असतो. माणसांनी केलेली अन्याय्य वाटणी दैवाच्या नावावर खपविली गेली, हे बाबासाहेबांनी आपल्याला ओळखायला शिकविले.

भाग असूनही वाटा नसणे, ही आपल्या समाजाची शतकानुशतकांची स्थिती होती. गावची कामे करायची, पण वस्ती गावकुसाबाहेर. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. अस्पृश्य कामगार गिरणीत होते. पण तुटलेला धागा जोडताना त्याला थुंकी लागते व विटाळ होतो, या सबबीवर अधिक मजुरीचे विणकाम खाते त्यांना बंद होते. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. ऑगस्ट १९३० मध्ये आपल्या नागपुरात दलित वर्गाचे अखिल भारतीय अधिवेशन त्यांच्या अध्यक्षतेखाली भरले. देशाला स्वराज्य हवे, परंतु त्याच्या घटनेत दलितांच्या हक्कांची हमीही हवी, ही भूमिका त्यांनी तेथे मांडली. आम्ही या देशाचा भाग आहोत, तेव्हा सत्तेतही आमचा वाटा असला पाहिजे, हा तिचा आशय होता.

संविधान लागू झाले तेव्हा त्याचे २२ भाग, ३९५ अनुच्छेद व ८ अनुसूची होत्या. दीक्षाभूमीवरील प्रतिज्ञाही २२ च. तो केवळ योगायोग मानावा. महत्त्वाचे हे की भाग तीनमधील अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि भाग चारमधील अनुच्छेद ४६ ने दुर्बल घटकांच्या शिक्षणाची जबाबदारी राज्यावर टाकली. पहिल्याने बाजूला ठेवणे बंद केले, दुसऱ्याने वाटा देण्यास सांगितले.

तथागतांच्या धम्मात या वाटून घेण्याला 'संविभाग' असा सुंदर पाली शब्द आहे. सिगालोवाद सुत्तात मालकाची सेवकांप्रती पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीप्रमाणे काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणात शुश्रूषा करणे, वेळोवेळी सुट्टी देणे आणि विशेष गोडधोड पदार्थ वाटून खाणे. पोटापुरते दिले म्हणजे संपले असे नाही. जे चांगले आहे त्यातही दुसऱ्याचा वाटा आहे, असे हे सुत्त सांगते.

वसतिगृहाच्या पंगतीत वाढलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना संविभागाचा अर्थ वेगळा समजावण्याची गरज नाही. घरून आलेला लाडवांचा डबा खोलीत किती जणांत फुटत असे, हे त्यांना ठाऊक आहे. आज त्यांच्यापैकी अनेकांच्या हाती नोकरी, व्यवसाय व प्रतिष्ठा आहे. हा वाटा पूर्वजांनी झगडून मिळविला. मागच्या बाकांवर बसलेल्या मुलांपर्यंत तो पोहोचविणे, हा आता आपला पार्ट आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!