जंबुपार प्रकाशाची साक्ष

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी विश्व निवले, इलेक्ट्रॉन व प्रोटॉन यांच्या मीलनातून उदासीन हायड्रोजन सिद्ध झाला आणि त्यानंतर कोट्यवधी वर्षे ज्या अंधकाराचा अंमल विश्वावर राहिला, तो आद्य तारे व दीर्घिका यांच्या प्रखर जंबुपार किरणांनी संपुष्टात आणला. महास्फोटास १०० कोटी वर्षे होतात न होतात तोच दीर्घिकांमधल्या अवकाशातील जवळजवळ सारा वायू पुन्हा आयनरूप झाला होता. या पुनरायनीकरणाच्या अभ्यासकापुढे मोठी अडचण आहे ती पुराव्याची. ९१२ अँगस्ट्रॉमहून आखूड तरंगलांबीच्या ज्या किरणांनी हे कार्य केले, ते त्या काळच्या उदासीन वायूतच शोषले गेले. त्यामुळे विश्व ३० कोटी वर्षांचेही नसतानाच्या दीर्घिका दाखविणाऱ्या वेब दुर्बिणीलाही ते प्रत्यक्ष दिसत नाहीत. म्हणून ज्यांच्या वाटेतला वायू पुष्कळसा निवळला आहे, अशा उत्तरकालीन दीर्घिकांकडे दाखला मागावा लागतो.

असा एक मोलाचा दाखला भारताच्या ‘ॲस्ट्रोसॅट’ने मिळवून दिला. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून प्रक्षेपित झालेल्या या वेधशाळेवर सुमारे ३८ सेंटिमीटर व्यासाच्या दोन जुळ्या दुर्बिणी असून, त्यांतील जंबुपार शोधक येणारा प्रकाशकण सुटा सुटा मोजतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी आकाशाच्या एका तुकड्याचा २८ तासांहून अधिक काळ वेध घेतला. त्या नोंदींत, हबलने पूर्वीच टिपलेल्या एका गुठळ्यागुठळ्यांच्या दीर्घिकेच्या जागी, जंबुपार प्रकाशाचा फिकट ठिपका आढळला. तो वाटेतल्या दुसऱ्याच एखाद्या दीर्घिकेचा तर नव्हे, अशी शंका घेऊन पुण्याच्या ‘आयुका’तील डॉ. कनक साहा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ कसून छाननी केली, आणि ऑगस्ट २०२० मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त निष्कर्ष प्रसिद्ध झाला: ९३० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेल्या ‘एयूडीएफएस०१’ या दीर्घिकेतून मूळच्या सुमारे ६०० अँगस्ट्रॉमचे किरण बाहेर पडत असून, अशा आयनकारी प्रकाशाचा पाचवा हिस्सा तरी तेथून निसटत असावा.

हबलचा आरसा २.४ मीटरचा, तथापि तिच्या शोधकातील पार्श्वगोंगाटाच्या मानाने ॲस्ट्रोसॅटच्या शोधकातील गोंगाट फारच अल्प असल्यामुळे हे यश लहान दुर्बिणीच्या पदरी पडले. एका दीर्घिकेवरून आद्य विश्वाचा निवाडा करता येणार नाही. परंतु आयनकारी प्रकाश दीर्घिकेच्या वायूतून निसटू शकतो, या गृहीतकाला येथे प्रत्यक्ष वेधाचा आधार लाभला, हे या यंत्राचे निर्विवाद श्रेय होय.