आईची उकडहंडी आणि वाडीची नोंद

वसईच्या पश्चिम पट्टीतील वाडी आणि घरातील चूल यांचे नाते फार जुने आहे. वाडीत जे पिके ते चुलीवर चढे आणि चुलीवर जे रुचे ते वाडीत पुन्हा लावले जाई. पिकाची कोणती जात राखावी याचा निर्णय पुष्कळदा घरातील स्त्रीच करीत असे. त्याची नोंद कोणत्याही दप्तरात नसे. ती तिच्या पाककृतींत असे. ही गोष्ट माझ्या आईच्या दोन पदार्थांच्या आधारे येथे मांडावयाची आहे.

आमचे घर आगाशीजवळचे. आई आता हयात नाही. तिच्या मागे बहिणीने व मी तिच्या पाककृती आठवून एका वहीत उतरविल्या. आईची मापे ओंजळीची आणि चिमटीची. तिची ओंजळ नेमकी केवढी, यावर आम्हा दोघांत बराच वेळ एकमत होईना. अखेर बहिणीने स्वतःच्या ओंजळीने तांदूळ मोजले आणि आईचा हात याहून थोडा लहान होता, असे सांगितले. त्या अंदाजाने वजने लिहिली.

उकडहंडी

थंडी पडली आणि वालपापडीच्या शेंगा भरल्या की आई उकडहंडी करी. कोनफळ, रताळी, कच्ची राजेळी केळी, लहान वांगी आणि वालपापडी ही तिची मुख्य सामग्री. ओले खोबरे, पातीचा लसूण, कोथिंबीर, हिरवी मिरची व ओवा यांचे वाटण करून ते भाज्यांना चोळावयाचे. शिजण्यास वेळ लागणारी कंदमुळे मडक्याच्या तळाशी, शेंगा व वांगी वर. पाणी अगदी थोडे; भाज्यांच्या अंगच्या पाण्यावर व वाफेवरच सारे शिजावयाचे. मडक्याच्या तोंडावर केळीचे पान घट्ट बसवून वर झाकण ठेवीत आणि जाळ मंद राखीत. आई मधून झाकण कधी काढीत नसे. पानाचा रंग पालटला व ओव्याचा वास घरभर पसरला की हंडी उतरवी.

वहीत ही कृती लिहून झाल्यावर प्रत्येक जिन्नसापुढे आम्ही आणखी एक रकाना आखला : हा जिन्नस आईच्या वेळी कोठून येई आणि आज कोठून येतो? आईच्या वेळी ओव्यावाचून दुसरे काही विकत आणावे लागत नसे. कोनफळ कुंपणाच्या कडेला, वाल मांडवावर, केळी पाटाच्या काठी, नारळ दारात. आज वांगी, मिरची, नारळ आणि केळीचे पान एवढेच घरचे आहे. पदार्थ अजूनही होतो, पण त्यातील अर्धी वाडी नाहीशी झाली आहे.

सुकेळी

दुसरा पदार्थ सुकेळीचा. आगाशीच्या सुक्या केळ्यांचा उल्लेख १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरातही आहे. सुकेळीस राजेळी जातच लागते. तिचे फळ लांब आणि गर घट्ट असतो. म्हणून ते उन्हात आकार सोडीत नाही.

आईची रीत अशी : पूर्ण भरलेला घड उतरवून गवतात दडपून पिकवावा. साल काढून केळी जमिनीपासून उंच बांधलेल्या मांडवावर, चटईवर, एकमेकांस न लागतील अशी मांडावी. दररोज उलटावी. दव पडण्यापूर्वी ती झाकून घ्यावी. उन्हाच्या मानाने सुमारे आठवडा लागतो. केळे बोटांत वाकविले असता तुटू नये आणि बोटास चिकटूही नये, ही आईची परीक्षा. मग ती केळीच्याच वाळल्या पानांत घट्ट गुंडाळून ठेवावयाची.

या परीक्षेमागे शास्त्र आहे. पिकलेल्या केळ्यात वजनाच्या दोनतृतीयांशाहून अधिक पाणी असते. ते पुरेसे उडून गेले की साखरेचे प्रमाण वाढते व बुरशीस आणि जंतूंस वाढण्यापुरता ओलावा उरत नाही. म्हणून साखर वा रसायन न घालता सुकेळी टिकतात. आजही काही घरांतून ती होतात. मात्र राजेळीच्या घडात फळे मोजकीच असल्याने बाजारासाठी लागवड करणारा तिच्याकडे सहसा वळत नाही.

वाडी का आटली?

बावखले ही या भागातील गोड्या पाण्याची तळी. ती पावसाचे पाणी धरीत आणि विहिरींस पाझर देत. त्यांपैकी पुष्कळ बुजली. किनाऱ्यालगत भूजलाचा उपसा भरतीपेक्षा अधिक झाला की खारे पाणी आत सरकते. केळीसारख्या पिकास ते सोसत नाही. शिवाय जमिनीस इमारतींची मागणी वाढली. २००९ साली येथे महानगरपालिका झाली आणि २०१४ साली पालघर जिल्हा स्वतंत्र झाला. शेती मात्र आळीआळीने मागे हटत राहिली. राजेळीचा अखेरचा गड्डा निघाला की सुकेळीची कृती वहीत असूनही निरुपयोगी होईल.

काय करता येईल?

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी घरभेटीत वयस्क मातांकडून एक तरी जुनी पाककृती उतरवून घ्यावी आणि प्रत्येक जिन्नसापुढे त्याची जात व जागा लिहावी. लोप पावत चाललेल्या वाणांची यादी अशाने आपोआप तयार होते. असे वाण आढळल्यास वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क अधिनियम, २००१ अन्वये शेतकऱ्यांचे वाण म्हणून त्याच्या नोंदणीसाठी अर्ज करता येतो, हे शेतकऱ्यांस समजावून द्यावे.

शेतकरी बंधुभगिनींनी निदान परसात राजेळीचे दोन-चार गड्डे राखावे. मुनवे निरोगी झाडाचे, तलवारीसारख्या अरुंद पानांचे, अर्धा ते पाऊण किलो वजनाचे निवडावे. पाने आखूड होऊन शेंड्याशी गुच्छ झालेल्या झाडाचे मुनवे घेऊ नयेत. तो पर्णगुच्छ रोग होय. असे झाड गड्ड्यासह काढून नष्ट करावे. बावखल शिल्लक असेल तर त्यातील गाळ उन्हाळ्यात उपसावा.

आमच्या परसात बहिणीने शेजारच्या वाडीतून आणलेले राजेळीचे तीन मुनवे लावले आहेत. त्यांची वाढ चांगली आहे. ज्यांस मुनवे हवे असतील त्यांनी पावसाळ्याच्या तोंडाशी आपल्या आळीतील जुन्या वाड्यांत चौकशी करावी. मागितल्यास नाही म्हणणारे घर या भागात सहसा आढळत नाही.