घराच्या डोक्यावरचा पदर

बार्शी तालुक्यात आमच्या गावी माळवदाचं घर होतं. दोन हात जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर तुळया, तुळयांवर लाकडाच्या फळ्या आणि त्यावर वीतभर पांढऱ्या मातीचा थर. मृग लागण्याआधी वडील दरवर्षी माळवदावर नवी माती पसरून घ्यायचे. वैशाखातल्या दुपारी अंगणात पाय ठेववत नसे आणि आई मात्र माजघरात वाकळ टाकून निवांत झोपलेली असे.

२००५ साली आईला मी सोलापूरला आणलं. आमचा फ्लॅट चौथ्या मजल्यावर, वर थेट गच्ची. पुढच्याच उन्हाळ्यात ती म्हणाली, "अरे, तुझ्या घराच्या डोक्यावर पदरच नाही रे!"

मी हसलो आणि हप्त्यानं एसी घेऊन आलो. जन्म बँकेत गेलेला. यंत्रासाठी कर्ज मागणारे शेकडो पाहिले होते, छपरासाठी मागणारा एकही नाही. त्याच सुमारास सोसायटीच्या सभेत गच्चीवर कोबा करून वर पांढऱ्या चिनीमातीचे तुकडे बसवण्याची सूचना आली होती. मी खजिनदार. 'अनावश्यक खर्च' असा शेरा मारून ती ओळ मीच खोडली.

२००७ चा मे महिना आला तो भारनियमन घेऊन. तासन्‌तास वीज नसे आणि एसी भिंतीवर नुसता शोभेला. आई फरशीवर पाणी शिंपडून पडून राही. एका दुपारी ती न्हाणीघराच्या दारातच कोसळली. दोन दिवस सलाईन लावावं लागलं. घरी सोडताना डॉक्टर एवढंच म्हणाले, "यांना गारव्यात ठेवा."

त्या रात्री दहा वाजता शेजारचे इंजिनिअर गृहस्थ आले. स्टुलावर चढून त्यांनी माझा हात छताला लावला. छत तव्यासारखं तापलेलं. म्हणाले, "साहेब, हा चार-पाच इंचांचा स्लॅब दिवसभर ऊन जमा करतो आणि रात्री तुम्हाला व्याजासकट परत करतो. तुमचा एसी ते व्याज फेडतोय. मुद्दल तसंच!"

मग त्यांनी सोप्या शब्दांत समजावलं. रजई स्वतः ऊब देत नाही. कापसात अडकलेली हवा उष्णतेची ये-जा रोखते. घराचंही तसंच. पांढरा पृष्ठभाग ऊन परतवतो आणि पोकळ विटा, थर्माकोल, फोम यांतली कोंडलेली हवा उरलेली उष्णता अडवते. मात्र फोममध्ये ओल शिरली की तो निकामी; म्हणून वर पाणीबंद थर हवा. विटांच्या तुकड्यांचा कोबा जड असतो. स्लॅबला तो पेलेल का, हे आधी तपासायला हवं. बेत साधा असेल, तर चुन्याचे दोन हातही उपयोगी पडतात.

बाळकृष्ण दोशींनी अहमदाबादेत १९८० च्या सुमारास बांधलेल्या 'संगत' या आपल्या कार्यालयाच्या कमानदार छतांवर पांढरे चिनीमातीचेच तुकडे आहेत. त्याच शहरानं २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर २०१३ मध्ये कृती आराखडा केला आणि पुढे गरीब वस्त्यांतली छपरं पांढरी रंगवली. २०१८ च्या केंद्राच्या 'इको-निवास संहिते'त तर छपरातून किती उष्णता आत यावी, याचीही मर्यादा घातली आहे. आमच्या माळवदाला हे सारं संहितेविनाच ठाऊक होतं.

पुन्हा सभा झाली. तळमजल्यावरचे म्हणाले, "ऊन तुमच्या डोक्यावर, खर्च आमच्या का?" प्रश्न चुकीचा नव्हता, वर्षभरापूर्वी मीही तसाच हिशेब केला होता. मी उभा राहिलो, खोडलेल्या ओळीची कबुली दिली आणि निम्मा खर्च वरच्या मजल्यावरच्या चौघांनी उचलण्याची तयारी दाखवली. गच्चीची गळतीही त्यातच थांबणार होती. तिथं सगळ्यांचं एकमत झालं.

पावसाळ्याआधी काम झालं. पुढच्या उन्हाळ्यात एसी लागला तो रात्री तासभर, तोही सव्वीस अंशांवर. वीजबिल उतरलं, त्याचा आनंद झालाच. पण माझ्या लक्षात राहिली आहे ती एक दुपार. वीज गेलेली, आणि आई आतल्या खोलीत वाकळ टाकून गाढ झोपलेली.

असे दोन उन्हाळे तिला मिळाले. ती ओळ मी खोडली नसती, तर तीन मिळाले असते.

तेव्हा मंडळी, एसीच्या दुकानात जाण्याआधी एकदा रात्री दहा वाजता स्टुलावर चढा आणि छताला हात लावून पाहा.