सुगी लवकर आटोपते, उतारा तिथेच

चाळीस वर्षांपूर्वी विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीन नवखं होतं. रोख पैसा दिसू लागला तसं ते ज्वारी, मूग, उडदाच्या रानात पसरत गेलं. १९९४मध्ये जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचं जेएस ३३५ हे वाण आलं आणि पुढे कित्येक वर्षं शेतकऱ्यांनी तेच पेरलं.

तेव्हा दसऱ्याच्या आगेमागे मजुरांच्या टोळ्या रानात उतरायच्या. एकराचं गुत्तं ठरायचं, विळ्यानं सोंगणी व्हायची, कापलेलं पीक दोन-चार दिवस उन्हात पडायचं. मग गंजी, तिच्यावर ताडपत्री आणि मळणी यंत्राची वाट. परतीचा पाऊस नेमका याच दिवसांत गाठायचा. जास्त वाळलं तर शेंगा तडकून दाणे मातीत, भिजलं तर शेंगेतच कोंब!

मजूर मिळेनासे झाले तसा हार्वेस्टर आला. कापणी आणि मळणी एकाच फेऱ्यात होऊ लागली, एकराचं रान तास-दीड तासात मोकळं होऊ लागलं आणि जमिनीत ओल असतानाच हरभरा पेरता येऊ लागला. हा दिलासा फार मोठा आहे.

पण यंत्राच्याही मर्यादा आहेत. त्याचं पातं जमिनीला टेकवता येत नाही, त्यामुळे बुडाच्या शेंगा धसकटालाच राहतात. चिखलात यंत्र रुततं. २०२५च्या सप्टेंबरात मराठवाड्यात रानं पाण्याखाली गेली, तेव्हा जे वाचलं त्यासाठी पुन्हा विळाच हाती घ्यावा लागला.

बियाण्याचा प्रश्न याहून नाजूक आहे. सोयाबीनचं टरफल पातळ असतं. मळणीचा ड्रम जोरात फिरला की दाणा वरून धड दिसतो, पण आतून दुखावतो आणि उगवत नाही. २०१९च्या ऑक्टोबरात पीक पावसात सापडलं आणि २०२०च्या खरिपात राज्यभर उगवण न झाल्याच्या तक्रारी आल्या. म्हणून घरच्या बियाण्याचा तुकडा वेगळा राखावा, त्याची मळणी कमी फेऱ्यांवर करावी आणि पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात ठेवून किमान सत्तर उगवतात का, हे पाहावं.

आता उताऱ्याकडे पाहू. आपली सरासरी अजून एकरी चार-पाच क्विंटलांच्या आसपास घुटमळते, तर जगाची अकराच्या घरात आहे. अमेरिकेत ती तेराच्या वर जाते. आपलं पीक बहुतेक कोरडवाहू, शंभर दिवसांच्या आत-बाहेरचं. फुलोऱ्यात किंवा दाणे भरताना पावसानं ताण दिला की उतारा तिथेच घटतो. २०२३मध्ये पिवळ्या मोझॅक रोगानं हिरवी रानं ऐन भरात पिवळी पाडली. असं नुकसान कोणताही हार्वेस्टर भरून काढू शकत नाही. पिकलेलं वाचवणं एवढंच त्याच्या हाती असतं.

काढणीचं कोडं आपण बरंचसं सोडवलं आहे. रुंद वरंबा-सरीवर पेरणी, ऐन वेळी एखादं संरक्षित पाणी, बुडापासून उंच शेंगा धरणारी आणि न तडकणारी वाणं यांवर आता तेवढाच पैसा आणि तेवढीच जिद्द लागली पाहिजे. हार्वेस्टरचं भाडं एकरावर ठरतं, रानात चार क्विंटल असोत की दहा. चारच निघाले, तर वेगाचा फायदा शेतकऱ्याच्या पदरात फारसा पडत नाही.